या खुर्चीवर बसू नये

कोणत्याही मजकुराला शोभेल असं अक्षर मी तीन मिनिटांत निवडून देते. ही फुशारकी नाही, मी घड्याळ लावून पाहिलं आहे. सरासरी दोन मिनिटं चाळीस सेकंद. मजकूर नुसता सांगा आणि बाजूला व्हा.

आता पदार्थविज्ञान शिकलेल्या मुलीला अक्षरांशी काय देणंघेणं, असं तुम्ही विचाराल. आमच्या घरीही विचारतात. पण मी नोकरीला लागले ती वजनमापांच्या संग्रहालयात, आणि माझं काम होतं तिथल्या वस्तूंच्या पाट्या नव्याने करणं. पहिल्याच दिवशी मी मोजदाद केली. तीन दालनं, चारशे अकरा वस्तू, आणि पाट्यांवर तेरा तऱ्हेची अक्षरं! एक तराजू कुजबुजत होता, शेजारचा बोंबलत होता, आणि थर्मामीटरच्या पाटीवरची अक्षरं तर वाढदिवसाच्या केकवरून खरवडून आणल्यासारखी दिसत होती.

मी चौदा दिवस अभ्यास केला आणि एक फाँट निवडला. त्याचं वर्णन केल्याशिवाय पुढचं समजणार नाही, म्हणून जरा दम धरा.

या अक्षराच्या पायात जोडे नसतात, म्हणजे रेघेच्या टोकाला आडवी पट्टी नसते, पण ते अगदी अनवाणीही नसतं. त्याची रेघ कमरेला बारीक आणि टोकाकडे हळूहळू रुंद होत जाते, तुतारीच्या तोंडासारखी. मी मोठ्या छापातला एक काना मोजला. मधोमध दहा मिलिमीटर, तळाशी साडेबारा. एवढ्या अडीच मिलिमीटरांत सगळी जादू आहे. बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी छिन्नी घेऊन दगडात हे कोरलं असावं आणि रेघ संपवताना मनगट किंचित वळवलं असावं. कालच छापलेलं अक्षर दोनशे वर्षांचं वाटतं. म्हणून ते कोनशिलेवर शोभतं, जाड पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शोभतं, वकिलाच्या दारावर शोभतं. अत्तराच्या बाटलीवर असेल तर आतलं पाणीसुद्धा खपून जाईल.

फाँटबरोबर त्याच्या कर्त्याने एक पानभर सूचना दिली होती. हे अक्षर नावांसाठी आणि शीर्षकांसाठी आहे. मोठ्या आकारात, थोड्या शब्दांत वापरावं. बारीक छापलं तर टोकं शाई फुटल्यासारखी दिसतील. आणि शेवटचं वाक्य असं होतं: रोजच्या किरकोळ सूचनांसाठी कृपया वापरू नये.

शेवटच्या वाक्याला कारण दिलेलं नव्हतं. कारण न देता सांगितलेली गोष्ट मी मानत नाही. ही शास्त्राची शिकवण आहे, आणि आमच्या आईच्या मते सगळ्या कटकटींचं मूळ आहे.

पाट्या बदलल्यावर लोक वस्तूंपुढे जास्त वेळ थांबू लागले. आमच्या क्युरेटर बाई क्वचितच कोणाचं कौतुक करतात. त्यांनी मान दोनदा हलवली, म्हणजे बाकीच्यांच्या हिशेबाने सत्कार समारंभच. अशा वेळी माणसाने गप्प घरी जावं. मी थांबले.

आता काका. काका म्हणजे दालन तीनचे पहारेकरी. दालनाच्या दारात त्यांची लाकडी, हातांची खुर्ची असे आणि त्या खुर्चीत अकरा वर्षं काका असत. त्यांचा उजवा गुडघा पुरता वाकत नाही. साध्या खुर्चीत बसणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने विहिरीत उतरणं. आत जाता येतं, वर येताना माणसं लागतात. म्हणून त्यांनी स्वतः चारही पायांखाली लाकडी ठोकळे ठोकून खुर्ची उंच करून घेतली होती. त्या उंचीवर ते दिवसभर आरामात बसत आणि हवं तेव्हा बाणासारखे उठत.

तर एका सोमवारी काका मुलीकडे निघाले, तीन दिवसांसाठी. जाताना म्हणाले, खुर्चीचा मागचा पाय खिळखिळा झालाय, येताना बरोबर मापाचा स्क्रू घेऊन येतो, तोवर कोणी बसून आपटू नये म्हणून एक चिठ्ठी चिकटवून ठेव.

चिठ्ठी! माझ्याकडे पाट्यांच्या कामातून उरलेला पितळी रंगाचा एक सुंदर पत्रा होता. मी त्यावर साठ पॉइंटात, त्याच अक्षरात छापलं: या खुर्चीवर बसू नये. दारात खुर्ची लोकांच्या पायात येत होती म्हणून ती दोन फूट आत सरकवली, मोठ्या तराजूच्या शेजारी. तिथे वर दिवा होता हा निव्वळ योगायोग. पाटी छोट्या स्टँडवर ठेवली, लांबून पाहिली आणि स्वतःवरच खूश होऊन जेवायला गेले.

परत आले तर खुर्चीभोवती नऊ माणसं.

ती कुजबुजत होती. एका गृहस्थांनी टोपी काढून हातात धरली होती. एक आजीबाई मला हळूच विचारू लागल्या की या खुर्चीवर शेवटचं कोण बसलं होतं. मी खरं ते सांगितलं, की आमचे काका बसले होते. त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि मला म्हणाल्या, कोणाकोणाचं भाग्य असतं.

तेव्हा मला त्या शेवटच्या वाक्याचं कारण कळलं. साध्या अक्षरात ‘बसू नये’ म्हणजे ‘पडाल’. या अक्षरात ‘बसू नये’ म्हणजे ‘तुमची लायकी नाही’.

पाटी तेव्हाच काढली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मला कुतूहल होतं. हा परिणाम दुसऱ्या दिवशीही टिकतो का, ते पाहायचं होतं. टिकला. मंगळवारी एका शिक्षिकेने तीस मुलांना खुर्चीसमोर बसवून तिचं चित्र काढायला लावलं, आणि नेमक्या त्याच वेळी आठवडाभराच्या दौऱ्यावरून परत आलेल्या बाई दालनात शिरल्या.

तुम्ही म्हणाल, बाईंनी खुर्ची ओळखली कशी नाही? त्याचं उत्तर सोपं आहे. अकरा वर्षं त्या खुर्चीवर काका बसलेले असल्यामुळे खुर्ची कोणी पाहिलीच नव्हती.

बाईंनी खुर्ची पाहिली, पाटी पाहिली, आणि त्यांचा चेहरा कडक झाला. मला वाटलं, सापडले. तर त्या म्हणाल्या, “वस्तू मांडली आणि तिला नोंदणी क्रमांक नाही? माझ्या मागे हीच शिस्त पाळता का?”

इथे मला खरं सांगायला बरोबर एक मिनिट मिळालं होतं. पण त्यांचं पुढचं वाक्य असं होतं की मांडणी मात्र उत्तम जमलीये. कौतुक, तेही शब्दांत! मी ते मिनिट त्या वाक्याचा आस्वाद घेण्यात घालवलं. मिनिट संपलं तेव्हा बाई नोंदवही उघडून बसल्या होत्या, आणि त्यांनी शाईने लिहिलं होतं: चारशे बारा. खुर्ची.

आमच्याकडे नोंदवहीत शाईने लिहिलेलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वस्तूला एकदा क्रमांक पडला की तिला हात लावायचा तर तीन सह्या लागतात: बाईंची, अध्यक्षांची आणि बाहेरच्या तज्ज्ञाची. संध्याकाळपर्यंत खुर्चीभोवती मखमली दोरी आली.

गुरुवारी काका आले. खिशात कागदाच्या पुडीत स्क्रू, हातात पेचकस. दालनात शिरले, दोरीपाशी थांबले, पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं.

“पोरी, मी चिठ्ठी लाव म्हटलं होतं.”

मी म्हटलं, लावली की.

“ही चिठ्ठी आहे? ही वाचून मलाच बसायची भीती वाटतेय.”

मी सगळं सांगितलं. काका रागावले नाहीत, आणि त्यानेच मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी स्क्रू परत खिशात ठेवला आणि म्हणाले की बाईंना सांगून आजच काय ते मिटव, कारण संध्याकाळपर्यंत उभं राहणं आपल्याला जमणार नाही. तोवर मी त्यांना उपाहारगृहातून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. त्यात ते बसले. चहाच्या वेळी त्यांना बाहेर काढायला मी आणि माळी, दोघं लागलो. मधल्या अर्ध्या तासात एका पाहुण्याने तराजूच्या पारड्यात स्वतःचं बाळ ठेवून फोटो काढला. काकांना सगळं दिसत होतं, उठता तेवढं येत नव्हतं. त्यानंतर ते उभेच राहिले.

मी कबुली द्यायला बाईंच्या खोलीत गेले. तिथे एक निवृत्त प्राध्यापक मापाची पट्टी हातात घेऊन बसले होते. जुन्या मापनयंत्रांचे तज्ज्ञ. बाईंनी त्यांना खुर्चीसाठीच बोलावलं होतं, आणि त्यांनी कोडं सोडवलं होतं.

त्यांचं म्हणणं असं: ही बसण्याची खुर्ची नव्हेच. बैठक जमिनीपासून सत्तावन्न सेंटिमीटर, एवढी उंच खुर्ची कोण करतं? ज्याला मोठ्या तराजूचा काटा अचूक वाचायचा आहे तो. काटा वरून किंवा खालून पाहिला तर आकडा चुकतो, डोळा त्याच्या बरोबर समोर हवा. ठोकळे मागाहून लावलेत, म्हणजे कोणीतरी प्रयोग करत करत ही उंची गाठली आहे. हे सांगताना त्यांचे डोळे चमकत होते.

बाई माझ्याकडे वळल्या. “तू पदार्थविज्ञानाची ना? पडताळून बघ बरं.”

आता गणित समोर आलं की माझा हात आपोआप चालतो. मी काट्याची उंची घेतली, बसलेल्या माणसाच्या डोळ्याची सरासरी उंची धरली, वजाबाकी केली. फरक फक्त दोन सेंटिमीटर! एवढं जुळणारं उत्तर मला पदवीच्या तीन वर्षांत एकदाही आलं नव्हतं. मी हो म्हणून बसले. गणित बरोबर होतं, खुर्ची तेवढी चुकीची होती.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, मिटलं का? मी म्हटलं, वाढलं.

मग मी ठरवलं, गोंधळ अक्षराने केलाय तर अक्षरच तो निस्तरेल. शुक्रवारी दारं उघडण्याआधी मी तीच पाटी साध्या, सरळ रेघेच्या अक्षरात छापून लावली. शब्द तेच, दोरी तीच, दिवा तोच. बदलला फक्त फाँट. खुर्चीचा तोरा उतरेल, लोक पाठ फिरवतील, मग बाईंना सांगणं सोपं जाईल, असा हिशेब होता.

तोरा उतरला, हे खरं. दहा मिनिटांत एकाने दोरीवरून वाकून खुर्चीवर पिशवी ठेवली. विसाव्या मिनिटाला एक भरभक्कम गृहस्थ दोरी ओलांडून बसायलाच निघाले. काकांनी लंगडत जाऊन त्यांचा हात धरला म्हणून खुर्ची वाचली. मग मला म्हणाले, “ते तुझं कोरीव अक्षर परत लाव. माझी खुर्ची मला मिळत नसेल तर नसेल, पण तिचे तुकडे तरी नकोत.”

मी लावलं. पण या वेळी शब्द बदलले. विचार केला, खोटं काढून टाकावं आणि सत्यच लिहावं. सत्य वाचल्यावर कोण कशाला थांबेल? पितळी पत्र्यावर छापलं: दालनाच्या पहारेकऱ्याची खुर्ची.

शनिवारी दालनात पाय ठेवायला जागा नव्हती.

नुसत्या खुर्चीला आता माणूस मिळाला होता, आणि माणसापेक्षा लोकांना दुसरं काय हवं असतं? कोणी म्हणालं, तो जागेवरून कधी हललाच नाही. कोणी म्हणालं, शेवटचा श्वासही इथेच घेतला. एका जोडप्याने तर शेजारी उभ्या असलेल्या, डाव्या पायावर भार टाकून दमलेल्या काकांनाच विचारलं की हे पहारेकरी कसे होते हो.

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. “होता एक,” ते म्हणाले. “गुडघा दुखायचा त्याचा.”

जोडपं गहिवरलं. मला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. थट्टा इतके दिवस गंमत म्हणून चालली होती, आणि तिचं वजन एका माणसाच्या एका पायावर पडत होतं. मी काकांचा हात धरला आणि त्यांना तडक बाईंच्या खोलीत नेलं.

बाई म्हणाल्या, बसा. मी नको नको म्हणेपर्यंत काका सोफ्यात बसले, आणि सोफा तर प्लास्टिकच्या खुर्चीचा आजोबा निघाला. काका तळाला गेले. गुडघे छातीशी आले. त्या अवस्थेत त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली, की बाई, ती चारशे बारा माझी आहे. बाकीचं मी सांगितलं: स्क्रू, चिठ्ठी, पत्रा, ते एक मिनिट, साधं अक्षर, कोरीव अक्षर, आणि दोन सेंटिमीटर.

बाई आधी उठून आल्या आणि काकांचा एक हात धरला, दुसरा मी धरला. पहिल्या झटक्यात काका अर्धे आले, दुसऱ्यात पूर्ण. मग बाई जागेवर बसल्या आणि मला म्हणाल्या, “एका वस्तूला परवानगीशिवाय तीन पाट्या?”

एवढंच त्यांना खुपलं होतं! खुर्ची परत देण्याबद्दल मात्र त्यांचा चेहरा पडला. नोंद वगळायची तर अर्ज, जाहीर सूचना, नव्वद दिवसांची मुदत, मग तीन सह्या. काकांनी नव्वद दिवस हे ऐकून भिंतीचा आधार घेतला. बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं आणि बोट लावून एकेक पान वाचू लागल्या. त्यांना नियम मोडता येत नाही, हे मला माहीत होतं. पण नियमांच्या पुस्तकात एखाद्यासाठी जागा शोधत त्या तासभर बसू शकतात, हे त्या दिवशी कळलं.

नियम चौदापाशी त्यांचं बोट थांबलं. चालू स्थितीतील वस्तू अधिकृत व्यक्तीने प्रेक्षकांना प्रात्यक्षिक करून दाखवावी. या नियमाखालीच आम्ही वाळूचं घड्याळ उलटून दाखवतो.

मी विचारलं, “पण बाई, खुर्चीचं प्रात्यक्षिक करायचं कसं?”

“बसून,” बाई म्हणाल्या.

सोमवारी प्राध्यापकांना बोलावून खरं काय ते सांगितलं. ते क्षणभर हिरमुसले, मग शास्त्रज्ञाच्या जातीला जागून काकांना विचारू लागले की सत्तावन्न सेंटिमीटर हा आकडा तुम्ही कोणत्या पद्धतीने काढलात. काका म्हणाले, गुडघ्याने. प्राध्यापकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि सही केली; बाईंची आणि अध्यक्षांची आधीच झाली होती. खिळखिळ्या पायात स्क्रू बसवण्याचा कार्यक्रम तिघांच्या साक्षीने झाला. काकांच्या खिशातल्या पुडीतला स्क्रू कागदोपत्री ‘वस्तूच्या मूळ स्वरूपाशी सुसंगत’ ठरला. पेचकस मात्र काकांनी दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नाही. प्रात्यक्षिकाची पाटी बाईंनी स्वतः खडूने लिहिली. मी मदत करू का, असं विचारताच त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खडूचा डबा खाली ठेवला.

आता काका रोज दहा ते पाच मखमली दोरीच्या आत, दिव्याखाली, हातात पांढरे हातमोजे घालून बसतात. लोक गोळा होतात. काका मधूनच उठून दाखवतात, बाणासारखे, आणि परत बसतात. कधीकधी टाळ्याही पडतात.

एकच बारीकशी अडचण झाली. प्रात्यक्षिक करणाऱ्याने वस्तू सोडून जायचं नाही, असं नियम चौदामध्येच पुढे लिहिलंय. म्हणजे काका खुर्चीवर आहेत तोवर दालन तीनच्या दारात पहाऱ्याला दुसरं कोणीतरी हवं. ते कोण असावं यावर बाईंनी फार विचार केला नाही.

दारात खुर्ची नाही. मी एकदा मागून पाहिली. बाई म्हणाल्या, दारात खुर्ची ठेवली की काय होतं ते आपण पाहिलंय. तेव्हा मी दहा ते पाच उभी असते. परवा दुपारी मी भिंतीला टेकून पाय चोळत होते, तेव्हा दोरीच्या आतून काकांनी मला जवळ बोलावलं आणि पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “एकाच पायावर भार टाकत जाऊ नकोस. तासाला पाय बदल. साधारण तिसऱ्या दिवशी दुखायचं थांबतं.”

मी म्हटलं, मग तुमचं थांबलं होतं का?

“मी कुठे तीन दिवस उभा राहिलो?” काका हातमोजे नीट करत म्हणाले. “अडीच.”